जाकिटाची पाठ

पुण्यात जाकीट हा एके काळी वैचारिक प्रश्न होता. १८८८ साली ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटे घालावीत, असा आग्रह धरणारा निबंध लिहिला. ते जाकीट म्हणजे आज आपण ज्याला जॅकेट म्हणतो ते नव्हे. गाठीच्या चोळीऐवजी घालायचे, बाह्या असलेले, अंग नीट झाकणारे शिवलेले पोलके, असा त्याचा अर्थ. केशवपन आणि बालविवाह यांवर लेखणी झिजवणारा माणूस एका शिवलेल्या कपड्यासाठीही तितक्याच गांभीर्याने युक्तिवाद उभा करतो, याचे आज नवल वाटते. पण कपडा ही सोय असते तशी ती एक भूमिकाही असते, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते. सुधारक घरांतल्या बायकांची जाकिटे आणि पायांतले बूट हा थट्टेचा हक्काचा विषय होता, तो उगाच नव्हे.

पुढे हा शब्द पुरुषांच्या सदऱ्यावर घालायच्या बिनबाह्यांच्या कपड्याला चिकटला, नेहरूंच्या नावाने देशभर फिरला आणि आता तिसऱ्यांदा पुण्याला आला आहे. या खेपेला ‘जाकीट’चे ‘जॅकेट’ झाले आहे आणि त्याच्या आधी ‘आर्ट’ लागले आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर शहरातल्या सभागृहांत हस्तकलेची प्रदर्शने भरतात. तिथे रांगेने टांगलेली ही जॅकेटे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हाताने रंगवलेली, बांधून रंगात बुडवलेली, मेण लावून काढलेली, पानांचे ठसे उमटवलेली. ती विकली जातात, भेट दिली जातात, साहित्य संमेलनांच्या पहिल्या दोन रांगांत हमखास दिसतात. त्यांच्यावर लिहिले मात्र जात नाही. जे छापून येते ते कौतुक असते किंवा जाहिरात. एखाद्या मध्यम प्रतीच्या कवितासंग्रहाला चार परीक्षणे मिळतात. महिनाभर खपून केलेल्या रंगीत कपड्याला ‘छान आहे, वेगळं आहे’ एवढेच मिळते, आणि ते करणारीला याचा राग यायला हवा.

या जॅकेटांना काही निकष लावता येतात का, हे पाहण्यासाठी आधी मागे जावे लागेल.

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९२ साली पुण्यात काढलेले सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात डोळ्यांत भरते ती अंगावरची पांढरी मलमल. अंगरखा, बाराबंदी, बंडी, वारकऱ्याची पैरण, असे मराठी पुरुषाचे शिवलेले कपडे आठवून पाहा. बहुतेक पांढरेच. रंग होता तो न शिवलेल्या वस्त्रात: पागोट्यात, शेल्यात, शालूत, पैठणीत, चंद्रकळेत. आपल्याकडे कात्री आणि रंग यांनी फारसा एकत्र संसार केलेला नाही. शिंपी पांढऱ्यावर काम करी आणि रंगारी अखंड कापडावर. चितारी तर तिसराच, त्याचे काम भिंतीवर, पोथीत नाही तर देव्हाऱ्यावर. तीन धंदे, तीन आळ्या. ज्यांच्या नावाचा गणपती पुण्यात १८९२ पासून सार्वजनिक झाला त्या भाऊसाहेब जावळ्यांना शहर ‘भाऊ रंगारी’ म्हणत राहिले, ते घराण्याच्या शालू रंगवण्याच्या व्यवसायावरून. ते स्वतः वैद्य होते, तरी रंग आडनावाला लागला तो लागला. आज ‘रंगारी’ म्हटले की घराला डिस्टेंपर मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. एक अख्खी विद्या भाषेतून कशी उतरते, याचे याहून चटकदार उदाहरण सापडणार नाही.

आणि रंग ही तेव्हा निवडीची गोष्ट नव्हती. हिरवा कोणी नेसायचा, काळी चंद्रकळा कोणत्या सणाला, लाल आलवण कोणाच्या वाट्याला, हे सगळे ठरलेले. पेठांमधल्या बाईच्या अंगावरचा रंग म्हणजे तिच्याविषयी इतरांनी दिलेला निकाल असे. म्हणून साठीची, नवरा गेलेली बाई आज निळ्या आणि हळदी रंगांचे जॅकेट घालून व्याख्यानाला येते, तेव्हा त्या कपड्याकडे केवळ हौस म्हणून पाहणे मला जमत नाही. आगरकरांचा प्रश्न अंग झाकण्याचा होता. आताचा प्रश्न त्यावर काय असावे हे कोण ठरवणार, असा आहे. म्हणूनच त्या जॅकेटाने चांगले असायला हवे.

चांगले म्हणजे काय, याचे एक उत्तर मराठी राज्यातच मिळते, पण महाराष्ट्रात नाही. तंजावरात मिळते.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशाचे राज्य तंजावरला १८५५ पर्यंत टिकले. या दरबारासाठी कुंभकोणमजवळच्या कोडालि करुप्पूर या गावात एक अजब कापड होत असे. आधी विणकर बारीक सुती कापडात जरीची नक्षी जामदानी पद्धतीने विणून घेई. मग ते माग सोडून कलमकाराच्या हातात जाई. तो बोरूसारख्या कलमाने मेण लावून रेषा राखून ठेवी, आणि कापड लाल आणि काळपट रंगांत बुडे. रंग चढल्यावर खालची जर लालसर अंधारातून चमके, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. साडी आणि पागोटी दोन्ही या तऱ्हेची होत, आणि मराठी राजघराण्यांत मानाचे वस्त्र म्हणून जात. राज्य खालसा झाले, गिऱ्हाईक गेले, आणि ही कारागिरीही त्या शतकातच संपली. करुप्पूरची कलमकारी आज आहे, तिला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, पण जर आणि मेण यांचा तो जोड तिच्यात नाही.

मला इथे महत्त्वाचे वाटते ते हे की, करुप्पूरच्या कापडात चित्र कापडावर ‘काढलेले’ नाही. विणणाऱ्याने जरीची जागा ठरवली तेव्हाच मेणाच्या रेषेची जागा ठरली. एकाचा निर्णय दुसऱ्याच्या पोटात आहे. शिवाय रंग धाग्याच्या आत गेला आहे. कलमकारीत कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. हिरड्यातल्या तुरटपणामुळे रंग धरतो, दुधातल्या स्निग्धतेमुळे रेषा फुटत नाही. काळ्यासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेले पाणी, लालसाठी तुरटीची रेघ. ही रेघ काढताना जवळजवळ दिसतच नाही. कापड मुळ्यांच्या काढ्यात उकळले की तुरटी होती तिथेच लाल उठून येतो. मधेमधे वाहत्या पाण्यात धुणे, उन्हात वाळवणे. म्हणजे धुणे ही त्या कापडावरची आपत्ती नाही, त्याच्या घडणीतली पायरी आहे.

आता प्रदर्शनातले जॅकेट हातात घ्या. पाठीवरचा मोर अंगठ्याने चाचपून पाहा. रबरासारखा थर लागतो. हा ॲक्रिलिक रंग. त्यात रंगाची पूड असते आणि तिला कापडावर चिकटवून धरणारे प्लॅस्टिकसारखे द्रव्य. तो धाग्यात शिरत नाही, वर बसतो. जाड लावला की कापडाची लवचीक घडी मोडते, उन्हाळ्यात त्या जागी घाम धरतो आणि काही धुण्यांनंतर कोपरापाशी मोराच्या मानेला भेगा पडतात. म्हणून आत चिठ्ठी असते: फक्त ड्राय क्लीन. पुण्यातल्या मे महिन्यात अंगाला लागणारा सुती कपडा धुता येत नसेल, तर तो कपडा म्हणून कच्चा आहे, मग त्यावरचा मोर कितीही देखणा असो. हे मी हौशी कामाबद्दल नाही, चांगल्या किमतीच्या कामाबद्दल म्हणतो आहे.

या सवयीचे मूळ घरातच आहे. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅम्लिनने महाराष्ट्राला आधी शाई दिली, मग शाळेतले रंग, आणि पुढे कापडावर लावायच्या रंगाच्या छोट्या बाटल्याही. सुट्टीतल्या फॅब्रिक पेंटिंगच्या वर्गांत एका पिढीने टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे आणि टीव्हीवरचे झाकण रंगवले. कार्बन कागदाने नक्षी उतरवायची, कडा गडद, मध्य फिका, पाकळीत दोन छटा. त्यात तुच्छ मानण्यासारखे काही नाही. घरात अडकलेल्या अनेक बायकांच्या हातात ब्रश आला तो या वाटेने. पण टेबलक्लॉथ सपाट असतो आणि हलत नाही. जॅकेटवाल्यांनी ती नक्षी जशीच्या तशी माणसावर आणली, आणि माणूस वाकतो, बसतो, हात वर करतो.

म्हणूनच बहुतेक जॅकेटांचे चित्र पाठीवर असते. शिवलेल्या कपड्यात सलग सपाट जागा तेवढी एकच. पुढे उघडीप, बटणपट्टी, खिसे, काखेचा वळसा. या अडचणी सोडवण्यापेक्षा सोडून देणे सोपे, तेव्हा पुढचा भाग कोरा ठेवून पाठीची भिंत करायची आणि तिच्यावर चित्र टांगायचे. मालवाहू ट्रकच्या मागच्या फळीचे शास्त्र थोडेफार हेच. फरक इतकाच की, ट्रकच्या चित्रकाराला फळीचे माप, खिट्टीची जागा आणि चिखल कुठवर उडतो हे ठाऊक असते. जॅकेटाच्या पाठीवरचे चित्र घालणारीला दिसत नाही. ते मागे बसलेल्यांसाठी असते. खुर्चीला टेकले की त्यांनाही दिसत नाही.

कापणे आणि चित्र यांचे भांडण जगात इतरत्र लोकांनी फार बारकाईने मिटवले आहे. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये वेस्टकोटावरचे भरतकाम अखंड रेशमावर, कपड्याच्या आखलेल्या आकारातच करून घेत, कात्री नंतर चाले. त्याच सुमारास कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगीत छिटाचे सैल झगे युरोपातले पुरुष घरात घालत. त्या झग्याला ते ‘बनियन’ म्हणत, आपल्या वाण्यांवरून. तो शब्द गंजीफ्रॉक होऊन आपल्याकडे परत आला. जपानी किमोनोच्या युझेन पद्धतीत तर पांढरे रेशीम आधी कच्च्या टाक्यांनी किमोनोच्या आकारात जोडतात, त्यावर पाण्याने निघून जाणाऱ्या निळ्या रसाने चित्र आखतात, मग टाके उसवून तुकडे वेगळे करतात, रंगवतात आणि शेवटी पक्के शिवतात. त्यामुळे फांदी पाठीवरून निघून शिवण ओलांडते आणि बाहीवर फुलते. अमेरिकेत १९७०च्या दशकात अंगावर घालायच्या कलेची जी चळवळ उभी राहिली, तिने किमोनोचा आकार उचलला तो बराचसा याच कारणाने, की त्यात कापड कमी कापले जाते. तिच्यातली पुष्कळ वस्त्रे पुढे भिंतीवरच गेली, हा भाग वेगळा.

पण किमोनोपर्यंत जायचीही गरज नाही. आपला खण पाहा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा हा कपडा मुळात एका चोळीच्या मापाचा. त्याचे काठ बाह्यांच्या कडांवर यावेत असाच तो बेतला जाई. विणकराच्या डोक्यात शिंपी होता आणि शिंप्याच्या हातात विणकराचा इरादा. मघाशी मी कात्री आणि रंग यांचा संसार नव्हता म्हणालो, त्याला हा सुंदर अपवाद. हल्ली खणाचीही जॅकेटे निघाली आहेत. त्यांतल्या पुष्कळांत काठ कुठेही येतो, कधी पाठीवर आडवा, कधी खिशावर तिरका. वेगळेपणा म्हणून ते खपते. काठाला जागा होती, ती मोडण्यामागे काही विचार असावा एवढीच अपेक्षा.

वारलीबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण पुण्यात रंगवलेल्या जॅकेटांत मोर आणि बुद्ध यांच्यानंतर वारलीचा नंबर लागतो.

पालघर भागातल्या वारली घरात लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने. चौकटीच्या मध्ये पालघट देवी. त्याला ‘लिहिणे’ म्हणतात आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय ते पुरे होत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे कागद घेऊन गेले आणि जिव्या सोमा मशे यांची रेषा जगाने पाहिली. मशे २०११ साली पद्मश्री झाले, २०१८ साली गेले. बायकांचा विधी आणि पुरुषाची स्वाक्षरी, हा पेच तिथेच सुरू झाला होता. वारली चित्रकार गेली पन्नास वर्षे कागदावर, कॅनव्हासवर, कापडावर पोस्टर रंगाने काम करत आहेत. तेव्हा ‘भिंतीवरची कला कपड्यावर आणली’ म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. कशावर काढायचे ते त्यांनी केव्हाच ठरवले आहे.

माझा आक्षेप रेषेला आहे. तारपा नाचाची साखळी वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत आत जाते. तिच्यात सुटे माणूस नसतेच, हाताला हात आणि पावलाला पाऊल. मशे यांच्या चित्रात ती इतकी जिवंत असते की कागद फिरतोसा वाटतो. जॅकेटवर हाच नाच दोन पाखांवर काढलेला मी पाहिला. बरोबर मधून चेन गेलेली. चेन उघडली की निम्मे नाचणारे डावीकडे, निम्मे उजवीकडे, आणि तारपावाला एका बाजूला एकटाच फुंकतो आहे. काढणारीचा हात वाईट नव्हता. त्रिकोण नेटके होते. पण तो नाच आहे हे तिला दिसले नव्हते, तिला नक्षी दिसली होती. नक्षी कुठेही तोडता येते.

आणि नाव. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून आहे. २०२५च्या उन्हाळ्यात ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मिरवल्या तेव्हा महाराष्ट्रभर संताप झाला, आणि कंपनीला मूळ मान्य करावे लागले. तो संताप योग्यच होता. त्याच महिन्यांत आपल्या शहरात ‘वारली जॅकेट’ अशा चिठ्ठीखाली एकाही वारली माणसाचे नाव नसलेले कपडे विकले जात होते, त्यावर कोणी ओरडल्याचे ऐकिवात नाही. मानांकन शब्दाला कुंपण घालते, रेषेला घालत नाही. त्रिकोणी माणूस कोणीही काढू शकतो. तेव्हा हा कायद्यापेक्षा चिठ्ठीचा प्रश्न जास्त आहे: कोणी लिहिले, त्याला काय मिळाले, आणि रंगवणारीने ते कोणाकडून शिकले. यांतले एकही उत्तर छापायला जागा पुरत नाही असे म्हणता येणार नाही, कारण त्याच चिठ्ठीवर डिझायनरचे नाव मोठ्या वळणदार अक्षरांत असते.

चांगले काम होत नाही असे नाही. मला पाहायला मिळालेल्यांतले सगळ्यांत चांगले जॅकेट चित्राविनाच होते. जुन्या सुती नऊवारीचे, आतून दुसऱ्या जुन्या धोतराचे अस्तर, आणि दोन्ही थर गोधडीच्या धावदोऱ्याने एकत्र टाचलेले. मग सगळे निळीत. नीळ ही हट्टी गोष्ट आहे. ती पाण्यात विरघळत नाही. आंबवून तिच्यातला प्राणवायू काढून घ्यावा लागतो, तेव्हा पिंप हिरवट पिवळे दिसते. कापड बाहेर काढले की हवेत डोळ्यांदेखत निळे होते. एका बुडीला आकाशी, पाच-सहा बुड्यांनंतर चंद्रकळेच्या जवळ. या जॅकेटाच्या खांद्यांना बुड्या जास्त होत्या आणि घेराला कमी, म्हणजे ते उलटे धरून पिंपात थोडे थोडे सोडले असणार. धावदोऱ्याच्या ओळींत रंग जरा कमी पोचला होता. त्यामुळे नांगरलेल्या शेताची पुणे–सोलापूर रस्त्यावरून दिसते तशी जमीन पाठीवर आली होती, कोणी न काढता. नऊवारीचा काठ मनगटावर फिरवलेला होता. खणाच्या चोळीत असतो तिथे.

त्यात दोष होते. कॉलर उभी राहत नव्हती, आणि काखेत कापड गोळा होत होते. गोधडीच्या दोन थरांना काखेचा वळसा देणे कठीण असते आणि ते शिंप्याने टाळले होते. पण प्रत्येक ठिकाणी कोणी तरी काही तरी ठरवले होते, हे दिसत होते. मेण लावून बाटिक केलेल्या, बांधून रंगवलेल्या कामांत हे जास्त सापडते, रंगवलेल्या चित्रांत कमी. कारण साधे आहे. बुडवण्याच्या कामात चूक पुसता येत नाही, म्हणून आधी विचार करावा लागतो.

रंगवलेल्या चित्राने करूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. पातळ केलेला रंग, किंवा धाग्याशी रासायनिक जोड धरणारे १९५६ नंतर बाजारात आलेले रंग वापरून ब्रशनेही धाग्याच्या आत जाता येते. ते धुता येतात, घडी मऊ राहते. पुण्यात चार-दोन जणी तसे करतातही. त्यांची अडचण रंगाची नाही, शिंप्याची आहे. कापड रंगवून शिंप्याकडे दिले की त्याला चित्र दिसत नाही, माप दिसते. शिवून मग रंगवावे तर शिवणीत ब्रश अडतो आणि आतल्या दबलेल्या कापडाला रंग कमी लागतो. किमोनोवाल्यांसारखे कच्चे टाचून, आखून, उसवून, रंगवून पुन्हा शिवणे हाच मार्ग. हे आपल्याकडे कोणाला येत नाही असेही नाही. लग्नाचा कोट शिवणारे जुने कारागीर आजही पांढऱ्या दोऱ्याने कच्चा कोट टाचून गिऱ्हाइकाला आरशापुढे उभे करतात, खडूने खुणा करतात आणि सगळे उसवतात. त्या दोन शिलायांमधले काही दिवस कापड चित्रकाराकडे असू शकते. पण मग शिलाईचे पैसे दुप्पट होतात, आणि चिठ्ठीवर आणखी एक नाव घालावे लागते.